बायबलमधल्या विसंगतींवर वाद घालायचाय? आधी दोन्ही वचनं उघडा

सकाळच्या विरार-चर्चगेट फास्टमध्ये आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, मी एकटा ख्रिस्ती, आणि दर आठवड्याला कोणीतरी मोबाईल पुढे करतं, "हे बघ, तुमच्या बायबलमध्ये एकीकडे असं लिहिलंय आणि दुसरीकडे तसं". आधी मी चिडायचो, मग काहीतरी पाठ केलेलं उत्तर फेकायचो, दोन्हीने काही साधलं नाही. आता कसं करतो ते सांगतो, मानणाऱ्यालाही आणि न मानणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

स्क्रीनशॉटवर बोलायचंच नाही. दोन्ही वचनं उघडायची, मागचं-पुढचं वाचायचं आणि दोघांनी एकच भाषांतर घ्यायचं, नाहीतर एकाकडे मराठी पवित्र शास्त्र आणि दुसऱ्याकडे इंग्लिश ॲप, मग अर्धं भांडण भाषांतराचंच होतं.

मग बघायचं की अडचण नेमकी कसली आहे. आकड्याची असेल तर हिशोब करा. २ राजे ८:२६ (म्हणजे 'राजे' या दुसऱ्या पुस्तकाचा ८ वा अध्याय, २६ वं वचन) म्हणतं यहूदा देशाचा अहज्या राजा झाला तेव्हा २२ वर्षांचा होता, २ इतिहास २२:२ च्या हिब्रू पाठात ४२. आता त्याच्या थोडं आधीचं वचन बघा, २ इतिहास २१:२०, त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी गादीवर आला आणि ८ वर्षं राज्य केलं, म्हणजे गेला तेव्हा ४० चा. मग त्याचा सगळ्यात धाकटा मुलगा ४२ चा कसा असेल, बापापेक्षा २ वर्षांनी मोठा? हातानं नकला करताना आकडा चुकलाय, काही जुन्या ग्रीक प्रतींत आणि सिरियाक (सीरियाकडची जुनी भाषा) भाषांतरात २२ च आहे. हे सरळ मान्य करा. मी ट्रेनमध्ये मान्य केलं त्या दिवसापासून समोरचा माझं बाकीचं बोलणंही ऐकून घेतो.

एखाद्याने कमी सांगितलं म्हणजे तो खोटं बोलला असं नाही. येशूच्या रिकाम्या कबरेजवळ मत्तय एकच देवदूत सांगतो, योहान दोन (हे दोघे येशूचं चरित्र लिहिणारे). काल दादरला जोशी भेटला असं मी घरी सांगितलं आणि सोबत त्याची बायको होती हे राहिलं तर मी खोटारडा ठरत नाही ना. पण येशू शिष्यांना प्रचाराला पाठवतो तेव्हा मार्क ६:८ मध्ये काठी घ्या आणि मत्तय १०:१० मध्ये काठीही घेऊ नका, तिथे हे उत्तर चालत नाही, तिथे चालवूही नका.

शब्दाची अडचण सगळ्यात नाजूक. शौलाला (पुढचा संत पौल) वाटेत आकाशातून येशूची वाणी ऐकू आली, तेव्हा प्रेषितांची कृत्ये ९:७ मध्ये त्याच्या सोबत्यांनी आवाज ऐकला, २२:९ मध्ये ऐकला नाही. आपल्याकडे "पोरगा माझं ऐकत नाही" म्हणतो तेव्हा तो बहिरा नसतो, तसं या पुस्तकाच्या मूळ ग्रीकमध्येही त्या क्रियापदाला ऐकू येणं आणि समजणं असे दोन्ही अर्थ आहेत, इथवर ठीक. पुढे बरेच जण विभक्तीचा नियम सांगतात, की एका विभक्तीत नुसता आवाज आणि दुसरीत समजून ऐकणं. हा मुद्दा वापरू नका, कारण ९:४ आणि २२:७ मध्ये शौलाच्याच बाबतीत, त्याच वाणीसाठी, कृत्ये लिहिणाऱ्या लूकने दोन्ही विभक्ती वापरल्यात आणि शौलाला तर दोन्हीकडे सगळं समजलंय. समोर ग्रीक येणारा कोणी असला तर तुमचं चांगलं उत्तरही या एका मुद्द्यापायी वाया जाईल, मला याचं खरंच वाईट वाटतं.

आणि "या विसंगती मी शोधल्या" असं कोणी म्हणू नये, "विसंगती नाहीतच" असंही म्हणू नये, हे सगळं जुनं आहे. साधारण १७० साली तातियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चार शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी लिहिलेली येशूची चरित्रं) गुंफून एकच कथा केली होती, सिरियाक मंडळ्यांत ती बराच काळ वाचलीही गेली, पण शेवटी मंडळीने (ख्रिस्ती चर्चने) चार वेगवेगळीच ठेवली. ४०० च्या सुमारास ऑगस्टीन या बिशपने याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला.

एका प्रवासात एकच वचन घ्या, बोरिवली ते अंधेरी तेवढंच होतं. आमचं सध्या येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं मरण चाललंय, मत्तय २७ मध्ये गळफास, कृत्ये १:१८ मध्ये पालथा पडून पोट फुटलं. दोर तुटला असेल असं मी म्हणालो, पण दोर तुटल्याचं दोन्हीकडे लिहिलेलं नाही, ती आपली जोडणी आहे हेही सांगितलं. त्या पकडून देण्याच्या पैशातून शेत याजकांनी घेतलं की यहूदाने, हे सोमवारी.