जुन्या सॉफ्टवेअरची एरर काढायला बसण्याआधी

आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब अजून व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रामवर चालतो. मागच्या वेळी तो एरर द्यायला लागला, मी घाई केली आणि चौदा महिन्यांच्या पावत्या गेल्या. पावतीपुस्तकं समोर ठेवून पुन्हा एंट्र्या मारण्यात तीन रविवार गेले.

एररची खिडकी बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. फाइलचं नाव त्यात अक्षर न् अक्षर दिसायला हवं. मूळ सीडी किंवा सेटअप हाताशी ठेवा.

आता बॅकअप. तो मीही घेतला होता, पण चुकीच्या फोल्डरचा. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, असे जुने ३२ बिट (म्हणजे आधीच्या पिढीच्या कॉम्प्युटरसाठी बनवलेले) प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये काही लिहायला गेले की विंडोज ते लिखाण न सांगता दुसरीकडे वळवतं. सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल आणि त्यात व्हर्च्युअलस्टोअर: तुमचा खरा डेटा इथे असतो. ॲपडेटा लपवलेलं असतं, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक करा. मी प्रोग्राम फाइल्समधली डेटा फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि मशीन फॉरमॅट केलं. त्या फाइलवर तारीख होती प्रोग्राम इन्स्टॉल केला त्या दिवसाची. एवढं पाहिलं असतं तरी हात थांबला असता. तेव्हा कॉपी केलेल्या फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख बघा. शेवटची पावती ज्या दिवशी केली, त्याच्या आसपासची ती नसेल तर तो बॅकअप नाही. व्हर्च्युअलस्टोअर उघडा.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून बघा, असं कोणीही सांगेल. एरर त्याने जातेही, पण मग हे वळवणं बंद होतं आणि प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समधली जुनी फाइल उघडतो. एंट्र्या गायब दिसतात. त्या गेलेल्या नसतात, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये असतात! अशा वेळी नवीन एंट्री करू नका, नाहीतर दोन वेगवेगळे हिशेब तयार होतील. आणि फॉरमॅट तर अजिबात नको.

रीजन सेटिंग बघा. नव्या मशीनवर ते बऱ्याचदा अमेरिकेचं असतं. तिथे महिना आधी येत असल्यामुळे ०५-०४ म्हणजे ५ एप्रिल न राहता ४ मे होतो, आणि एरर न येताच थकबाकी चुकते. ‘इंग्लिश इंडिया’ करा.

मग एररकडे वळा. ‘एमएससीओएमसीटीएल डॉट ओसीएक्स’ ही सहायक फाइल सापडत नाही, अशी तक्रार या प्रोग्रामांत नेहमीची. फाइल मूळ सेटअपमधूनच घ्या, फुकट डीएलएल (अशाच सहायक फाइल्स) वाटणाऱ्या साइटवरून नाही. तिथून काय आत येईल याचा भरवसा नाही. ६४ बिट विंडोजवर ती ‘सिसवाऊ ६४’ फोल्डरमध्ये टाकायची. नावात ६४ असलं तरी ३२ बिट फाइल्सची जागा तीच, सिस्टम ३२ नव्हे. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायचा आणि त्याच फोल्डरमधल्या रेगएसव्हीआर ३२ या विंडोजच्या टूलने ती रजिस्टर करायची, म्हणजे विंडोजकडे तिची नोंद करायची.

प्रोग्राम १६ बिट असेल तर ६४ बिट विंडोजवर तो चालतच नाही, कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये वेळ घालवू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, जुनं ३२ बिट विंडोज टाका. प्रोग्रामने डॉट नेट ३.५ (मायक्रोसॉफ्टचं पूरक सॉफ्टवेअर) मागितलं तर ‘विंडोज फीचर्स’मधून सुरू करा. मराठी नावं गिचमिड दिसली तर जुना फाँट टाका.

चालू झालं की स्क्रीनवरचा शेवटचा पावती नंबर पुस्तकातल्या नंबराशी लावून बघा. जुळला नाही तर प्रोग्राम बंद करा आणि व्हर्च्युअलस्टोअर उघडा.