जुन्या गाडीचं सडलेलं ब्रॅकेट बदलताना वेल्डिंग कसं करायचं

ठाण्यात, नवी मुंबईत चार पावसाळे उघड्यावर काढलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर उचलून खालून बघितली की ब्रॅकेटं सडलेली दिसणारच, बॅटरी ट्रेचं, सायलेन्सर लटकवायचं, बंपरचं. एवढी घरच्या माणसाला जमतात. पण मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) शॅकल, म्हणजे पाट्या गाडीला जोडणारी कडी, स्टेअरिंग बॉक्स, सीट बेल्ट यांची ब्रॅकेटं मात्र मुरलेल्या वेल्डरकडेच द्या, तिथला जोड सुटला तर जीवावर बेतेल.

आधी जागा बघा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हे काम अजिबात नको, शेजारी लोकांच्या पेट्रोलच्या, सीएनजीच्या गाड्या असतात. वागळे इस्टेट नाहीतर रबाळे एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याची शेड मिळाली तर उत्तम. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका.

मग बॅटरी काढून लांब ठेवा, अल्टरनेटरच्या वायरी सोडवा, नाहीतर डायोड उडतात. टाकीजवळ काम असेल तर टाकी आणि पेट्रोलचा पाइप काढून शेडबाहेर न्या, आणि टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आत उरलेली वाफच भडकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते, म्हणून सर्व्हिसिंगच्या पिटवर वेल्डिंग नको. जुन्या गाडीला कोणीतरी मागाहून सीएनजी किट बसवलेलं असतं, तो सिलिंडर किटवाल्याकडूनच काढून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते हात घालून बघा. कार्पेट, त्याखालचं नमदं, वायरिंग, डांबरासारखं अंडरकोटिंग, हे सगळं धुमसतं आणि तुम्ही हेल्मेटमध्ये असता त्यामुळे दिसत नाही. जोडापासून वीतभर तरी सगळं खरवडून काढा आणि पलीकडे एक माणूस डीसीपी (कोरड्या पावडरचं) फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा करा.

गंज ग्राइंडरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, टोक आत गेलं तर तेवढा पत्रा कापावाच लागेल, सडक्या पत्र्यावर ब्रॅकेट धरत नाही. ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्डिंग करायचं नाही, काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनचं सॉल्व्हंट असतं आणि आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीच्या, उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा असेल तर जस्ताचा थर घासून टाका, त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

पातळ पत्र्याला मिग मशीन (गॅसच्या आडोशात वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) बरं, ०.८ एमएमची वायर आणि आर्गॉन-सीओटूचं मिक्स. शेड मोकळी हवी पण पंखा थेट जोडावर नको, गॅस उडून वेल्डिंगचा टाका भोकाभोकांचा येतो. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या जवळच, घासलेल्या पत्र्यावर लावा, लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो. आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर टाका मारून शिकंज्यात वाकवून बघा, टाका पत्र्यासकट फाटला तर सेटिंग बरोबर, नुसता सुटून आला तर करंट वाढवा.

ब्रॅकेट आधी बोल्ट लावून जागेवर बसवा, मगच चार कोपऱ्यांना टॅक, म्हणजे जागेवर धरून ठेवणारे वेल्डिंगचे ठिपके, मारा. मग समोरासमोरचे छोटे छोटे टाके, मध्ये थंड होऊ द्यायचं, घाईत एका दमात ओढलं की पत्रा वाकतो नाहीतर भोक पडतं. जाड ब्रॅकेटवर आर्क जास्त धरा, पत्र्यावर कमी.

अंगात सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, १० किंवा ११ नंबरच्या काचेचं हेल्मेट. नायलॉन कातडीला चिकटतं. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला तर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, तेव्हा बटाट्याच्या चकत्या, कच्चं दूध असलं काही न घालता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

काम झालं की किमान तासभर गाडीपाशी थांबा, पत्र्याच्या मागे हात फिरवत, वास घेत राहा. गार झाल्यावर झिंक प्रायमर, जोडावर सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), आतल्या पोकळीत गंज रोखणारं मेण, आपल्या हवेत दोन दिवस उघडा ठेवला तरी जोड लाल पडतो. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा.