आर३२ स्कायलाइन: खरी जीटी-आर की नुसता साज?

जीटी-आर म्हणजे निसानच्या आर३२ पिढीच्या स्कायलाइनमधलं सगळ्यांत वरचं, चारही चाकांवर चालणारं मॉडेल. डिकीवरचा बॅज पाहून पैसे मोजू नका. बॅज कोणीही चिकटवतो. आधी बॉनेट उघडा. इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेला चॅसिस क्रमांक आणि जवळच्या पट्टीवरचा मॉडेल कोड वाचा. बीएनआर३२ असेल तर जीटी-आर, एचसीआर३२ म्हणजे बहुधा मागच्या चाकांवर चालणारी, खालच्या दर्जाची जीटीएस-टी, एचएनआर३२ म्हणजे बहुधा चारही चाकांवर चालणारी जीटीएस-४. जपानी बाजारातल्या या गाड्यांना १७ अंकी क्रमांक नसतो, त्यामुळे तो नाही म्हणून घाबरू नका. पट्टी आणि ठोकलेला क्रमांक जुळत नसतील तर मात्र सरळ परत फिरा.

मग लोहचुंबक काढा. जीटी-आरचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, तिथे चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर अपघातानंतर पत्रा बदलला असेल किंवा गाडीच दुसरी. उलट, जीटीएस-टीवर जीटी-आरचे पत्रे चढवणारेही असतात, म्हणून खाली वाकून पुढच्या चाकांना ड्राइव्हशाफ्ट (ताकद पोचवणारे दांडे) आहेत का पाहा. जीटी-आरचं आरबी२६ इंजिन २५६८ सीसीचं, दोन टर्बोंचं. जीटीएस-टीच्या आरबी२० ला एकच टर्बो. ऑटोमॅटिक गिअर दिसला, तर ती कारखान्यातून निघालेली जीटी-आर नव्हे.

जीटी-आरची खास आवृत्ती व्ही-स्पेक १९९३ पासूनची: १७ इंची बीबीएस चाकं, ब्रेम्बो ब्रेक. पण हे दोन्ही साध्या जीटी-आरवर सहज बसतात, तेव्हा जादा किंमत फक्त कागदपत्रांवर द्या.