घरी सोलर चार्ज कंट्रोलर बनवताय? आधी व्होल्टेज नीट मोजा

१०० वॅटचं ३६ सेलचं पॅनेल, १२ व्होल्ट ४० एएचची लेड-ॲसिड बॅटरी आणि मध्ये आपण स्वतः बनवलेला पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेल भराभर जोडून-तोडून बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा. सुरुवात इथूनच करा. एमपीपीटीचा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या कंट्रोलरचा, मोह पहिल्या वर्षी टाळा. बक कन्व्हर्टर, इंडक्टरची निवड, करंट सेन्सिंग हे सगळं एकदम अंगावर आलं की नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाही. ज्याला साधा कंट्रोलर नीट जमला, त्याला एमपीपीटीही जमतो.

ओहमचा नियम, मॉस्फेट आणि आर्डुइनोवर प्रोग्रॅम चढवणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. स्विचिंगचा भाग दोन संध्याकाळी उभा राहतो. वेळ खातं ते मोजमाप. बॅटरीवर खरोखर किती व्होल्ट आहेत हे कंट्रोलरला कळलं नाही, तर बाकी सगळं बरोबर असूनही बॅटरी वर्षभरात बसते.

दुपारी तीनला कंट्रोलरवरचा चार्जिंगचा एलईडी दर सेकंदाला लागतोय-विझतोय. मीटर कंट्रोलरच्या टर्मिनलवर लावलं तर आकडा १४.४ आणि १३.९६ मध्ये नाचतोय. बहुतेक जण इथे प्रोग्रॅम उघडून बसतात आणि हिस्टेरेसिस, म्हणजे तोडण्याच्या आणि पुन्हा जोडण्याच्या व्होल्टेजमधलं अंतर, वाढवतात. एलईडी शांत होतो, पण दुखणं तसंच राहतं. गणित करून बघा. कंट्रोलरपासून बॅटरी ३ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तार. १.५ चौ. मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम, म्हणजे ६ मीटरला ०.०७३ ओहम. पॅनेलचे ६ अँपिअर वाहताना तारेतच ०.४४ व्होल्ट पडतात. कंट्रोलरला १४.४ दिसतात, तेव्हा बॅटरीवर असतात १३.९६. तो चार्जिंग तोडतो, करंट थांबतो, तारेतला ड्रॉप नाहीसा होतो, कंट्रोलरला पुन्हा कमी व्होल्टेज दिसतं आणि तो पुन्हा जोडतो. बॅटरी रोज थोडी उपाशी राहते, प्लेटांवर सल्फेट साचत जातं, आणि पाच-सहा महिन्यांनी दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवणं, फूटभर अंतरावर. लांब तार पॅनेलच्या बाजूला जाऊ द्या, तिथे थोडा ड्रॉप चालतो. मात्र डबा बॅटरीच्या बाजूला ठेवा, वर नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तो वर चढतो.

जागाच तशी नसेल तर मोजण्याची तार वेगळी ओढा. यातही एक खोच आहे. फक्त पॉझिटिव्हची बारीक तार बॅटरीपर्यंत नेली आणि पॅनेलचा निगेटिव्ह बोर्डावरून जाऊ दिला, तर अर्धा ड्रॉप, म्हणजे ०.२२ व्होल्ट, निगेटिव्ह तारेत राहतोच. त्यामुळे पॅनेलचा निगेटिव्ह बोर्डाला शिवूच देऊ नका, तो थेट बॅटरीच्या निगेटिव्ह लगवर (टर्मिनलला बसणाऱ्या तारेच्या कडीवर) न्या. लोडचा निगेटिव्हही तिथेच. बोर्डाला त्या लगवरून ०.५ चौ. मिमीची एकच स्वतंत्र तार द्या. बोर्ड स्वतः ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे तीन मीटरच्या त्या तारेत जेमतेम ३ मिलिव्होल्ट पडतात. मोजण्याच्या पॉझिटिव्ह तारेला बॅटरीपाशीच अर्ध्या अँपिअरचा फ्यूज लावा. आणि हे विसरलात तर बॅटरी उकळेल: ती तार सुटली किंवा फ्यूज उडाला की कंट्रोलर शून्य व्होल्ट वाचतो, बॅटरी पार रिकामी समजतो आणि दिवसभर पूर्ण जोरात चार्ज करत राहतो. वाचन ९ व्होल्टच्या खाली गेलं की चार्जिंग बंद, ही ओळ प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवशी लिहा.

तारेचं झालं, तरी दुसरी चूक उरते. आर्डुइनो नॅनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, मुळात स्वतःच्या सप्लायशी तुलना करतो. लॅपटॉपच्या यूएसबीवर तो सप्लाय ४.७ व्होल्ट असताना तुम्ही कॅलिब्रेट केलंत आणि नंतर बोर्ड ५.० व्होल्टच्या रेग्युलेटरवर लावलात, तर कंट्रोलर १४.४ समजून बॅटरी १५.३ पर्यंत नेईल. म्हणून चिपमधला १.१ व्होल्टचा रेफरन्स वापरा. तो प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, पण आपल्या चिपचा एकदा मोजला की तिथेच टिकतो. बॅटरीचं व्होल्टेज पिनला झेपेल इतकं कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीत, म्हणजे डिव्हायडरला, वर ८२ किलोओहम, खाली ४.७ किलोओहम, दोन्ही १ टक्क्याचे मेटल फिल्म, आणि पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरड. यात २०.३ व्होल्टपर्यंत मोजता येतं, एक पायरी २० मिलिव्होल्टची. ३२ वाचनांची सरासरी घ्या. कॅलिब्रेशनआधी मल्टिमीटरची ९ व्होल्टची बॅटरी बदला. ती उतरली की स्वस्त मीटर आकडे चढवून दाखवतात.

आता स्विच. हाय-साइडला, म्हणजे पॉझिटिव्ह तारेत, आयआरएफ४९०५ पी-चॅनेल मॉस्फेट घ्या. सोर्स पॅनेलच्या पॉझिटिव्हला, ड्रेनपुढे शॉट्की डायोड, मग बॅटरी. मॉस्फेट उलटा लावलात तर त्याच्या आतल्या डायोडमधून पॅनेल कायम चार्ज करत राहील आणि तोडणं अशक्य होईल. सुलट लावल्यावर तोच डायोड रात्री बॅटरी पॅनेलमध्ये रिकामी करू पाहतो, म्हणून शॉट्की हवाच. एमबीआर१०४५ चालतो, पण ६ अँपिअरला साधारण ३ वॅट उष्णता काढतो, त्याला हीटसिंक द्या. गेट आणि सोर्समध्ये १० किलोओहम आणि १२ व्होल्टचा झेनर. झेनर वगळू नका. उघड्या पॅनेलवर २२ व्होल्ट येतात आणि या मॉस्फेटच्या गेटची मर्यादा २० आहे. गेट खाली ओढायला बीसी५४७ आणि १ किलोओहम.

पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो या सर्किटसाठी चुकीचा आहे. गेटची कपॅसिटन्स साधारण ३४०० पिकोफॅरड आणि पुल-अप १० किलोओहम, म्हणजे टाइम कॉन्स्टंट ३४ मायक्रोसेकंद. ३१ किलोहर्ट्झला अख्खं आवर्तनच ३२ मायक्रोसेकंदांचं असतं, तेव्हा मॉस्फेट धड बंद होतच नाही, अर्धवट चालू राहून तापतो आणि जातो. नॅनोची मूळची ४९० हर्ट्झ पुरेशी आहे.

तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर आयआरएफ४९०५ सहज मिळतो, नकलीही तितकाच सहज. गेट सोर्सपेक्षा १० व्होल्ट खाली ठेवून त्यातून ५ अँपिअर सोडा. अस्सल असेल तर ड्रेन-सोर्समध्ये ०.१ व्होल्टच्या आसपास पडतात. ०.३ दिसले तर तो बाजूला ठेवा. असलं काही अडलं तर व्हिडिओ पाहण्यापेक्षा जुना इन्व्हर्टर दुरुस्त करणारा कारागीर गाठा. त्याला सूत्र सांगता येणार नाही कदाचित, पण काय जळतं आणि का जळतं हे त्याच्याइतकं कुणी सांगत नाही.

सेटिंग: १४.४ ला धरून ठेवा, दोन तास झाले की १३.६ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या व्होल्टेजवर, या. हे आकडे २५ अंशांचे. त्यापुढे दर अंशाला २४ मिलिव्होल्ट कमी करा. विदर्भातल्या मे महिन्यात बॅटरी ४२ अंशांवर असेल तर १४.४ चे १४.० होतात. तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवा. डब्यात ठेवलात तर तो हीटसिंकचं तापमान मोजेल. बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लगच्या शक्य तितक्या जवळ, १० अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज लावा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

पहिली चाचणी पॅनेलवर नको, करंट लिमिट असलेल्या बेंच सप्लायवर घ्या. एखादा मॉस्फेट जाईलच, घाबरू नका, तो फार महाग नसतो. बॅटरी जोडल्यावर पहिले तीन दिवस दुपारी एकाच वेळी दोन जागी मोजा: कंट्रोलर दाखवतो तो आकडा आणि मीटरची टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवून येणारा आकडा, लगवर किंवा नटावर नाही. फरक ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर मोजमाप जमलं. जास्त असेल तर आधी लगचं क्रिंपिंग आणि फ्यूज होल्डर हाताला गरम लागतात का ते बघा.

हाच कंट्रोलर पवनचक्कीला मात्र लावू नका. पॅनेल तोडलं तर ते गप्प बसतं, चक्की तोडली की तिचा भार जातो आणि वारा तिला बेफाम फिरवतो. तिथे बॅटरी भरल्यावर वीज डंप लोडमध्ये, म्हणजे मोठ्या हीटर रेझिस्टरमध्ये, वळवावी लागते. ते सर्किट वेगळं असतं.