बोरघाटातून निघालेली एक राइड: थीम पार्कसाठी नवी राइड कशी कल्पावी आणि ती कुठे उभारावी

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबली की काही प्रवासी वड्यासाठी फलाटावर उतरतात आणि काही जण जागेवर बसून धक्क्याची वाट पाहतात. घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिने येऊन जोडली जातात. ती लागतात त्या क्षणी सगळ्या डब्यांतून एक हिसका पुढे सरकत जातो, कोणाच्या तरी हातातला चहा हिंदकळतो, आणि गाडी आता पुढून ओढली जाण्याबरोबरच मागूनही रेटली जाणार आहे हे पाठीला आधी कळते, मनाला नंतर. थीम पार्कसाठी नवी राइड कल्पायची असेल तर सुरुवात अशा एखाद्या शारीरिक अनुभवापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक जण आधी विषय ठरवतात (किल्ला, जंगल, अंतराळ) आणि मग त्या विषयाचे चित्र एखाद्या तयार यंत्रावर चिकटवतात. त्यापेक्षा एखाद्या ठिकाणी माणसाच्या शरीराला काय होते हे आधी शोधावे. मग रुळांचा आकार, गाडीचा वेग आणि राइडची जागा हे सारे त्यातून ठरत जाते. ही पद्धत समजावून सांगण्यासाठी मी बोरघाटाचेच उदाहरण शेवटपर्यंत घेणार आहे.

घाटातल्या रेल्वेवर राइड रचणे ही ओढूनताणून जुळवलेली कल्पना नाही, कारण रोलर कोस्टरचा जन्मच डोंगरातल्या रेल्वेतून झाला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात मॉक चंक येथे १८२७ मध्ये कोळसा उतरवण्यासाठी रूळ टाकले गेले. कोळशाच्या गाड्या उताराने आपोआप खाली येत, आणि रिकाम्या गाड्या वर ओढून नेणारी खेचरेही त्याच उताराने गाडीत बसून खाली येत. पुढे त्या मार्गावर केवळ मौजेसाठी माणसे बसू लागली. १८८४ मध्ये ला मार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला पाच सेंटांत बसता येईल अशी ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिचा वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे सायकलपेक्षाही कमी होता, तरीही लोक रांगा लावत. वेग कमी असूनही लोक का आले, हा प्रश्न नव्या राइडची कल्पना करणाऱ्याने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारावा.

दुसरी पायरी सामग्री गोळा करण्याची आहे, आणि येथे वेळ खर्च झाला तरी चालेल. घाटातून दोन-तीन वेळा तरी प्रवास करावा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा एप्रिलमध्ये, आणि प्रत्येक वेळी वहीत केवळ शरीराला जाणवलेल्या गोष्टी लिहाव्यात. पळसदरी मागे पडल्यावर गाडीचा आवाज जड होतो. बोगदा आला की मुले ओरडतात, आणि बाहेर पडताच उजेडाने डोळे मिटतात. मंकी हिलच्या आसपास खिडकीतून एकदम खाली दरी दिसते. मग इतिहास वाचावा. हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे. तो बांधताना चाळीस हजारांच्या घरात मजूर राबले आणि पटकीसारख्या साथींत असंख्य माणसे मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यानंतर अल्पावधीत मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे चालवले. खंडाळ्याजवळ पूर्वी एक उलटफेराचे स्थानक होते. डोंगराच्या कडेला रूळ संपत असल्यामुळे गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि गाडी आल्या दिशेच्या उलट तोंड करून वर निघे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले.

एवढी सामग्री हाती आली की ती सगळी राइडमध्ये घालण्याचा मोह होतो, आणि तेथेच बहुतेक कल्पना बिघडतात. निवड करताना मी एकच कसोटी लावतो: ही गोष्ट डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळेल का? बँकरचा धक्का कळेल, आणि उलटफेरही कळेल. ट्रेडवेलबाईंची कर्तबगारी मात्र कळणार नाही. ती रांगेतल्या भिंतीवर, नीट लिहिलेल्या चार ओळींत सांगावी, आणि मजुरांच्या मृत्यूंचा उल्लेखही तेथे आदराने यावा. शिंगरोबाची गोष्ट वेगळीच आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली अशी लोककथा आहे, जुन्या महामार्गावर त्याचे मंदिर आहे आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर आजही तेथे नाणे टाकतात. लोक ज्याला हात जोडतात त्याचा हलता पुतळा करून राइडमध्ये उभा करू नये. मेंढ्यांच्या घंटांचा आवाज बोगद्यात दुरून ऐकू आला, तर ज्याला कथा माहीत आहे त्याला तो पुरेसा असतो.

आता या दोन अनुभवांचे रुळांत रूपांतर करायचे. घाटाचा खरा चढ जसाच्या तसा घेता येत नाही, हे एका हिशेबात दिसते: ३७ ला एक या चढाने वीस मीटर उंची गाठायला ७४० मीटर रूळ लागतील, आणि तेवढा वेळ बसणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटेल. म्हणून चढ वीस अंशांचा करावा; वीस मीटरसाठी मग साठ मीटरही रूळ लागत नाहीत. हा चढ बोगद्यात ठेवला की क्षितिज दिसत नाही, आणि क्षितिज दिसले नाही की चढ किती आहे याचा अंदाज माणसाला नीट बांधता येत नाही. वर नेण्यासाठी नेहमीची साखळी वापरू नये. रुळांमधल्या फिरत्या टायरांनी गाडी रेटणारी यंत्रणा असते, ती वापरावी, आणि निघण्याआधी शेवटच्या डब्यामागून एक छोटे बँकर इंजिन येऊन खरोखर लागावे. सेकंदाला दोन मीटर या गतीने चढायला सुमारे अर्धा मिनिट लागेल. घाटाचा संथपणा जाणवायला तेवढा वेळ पुरतो, आणि बसणारा कंटाळतही नाही.

बोगद्यातून बाहेर येताच गाडी उंचावर, रूळ संपलेल्या ठिकाणी थांबते. येथे आठ सेकंद काहीही घडू देऊ नये. तेवढ्यात मागचे रूळ सरकून दुसऱ्या मार्गाला जुळतात आणि गाडी पाठमोरी खाली सुटते. असे रूळ बदलणे नवे नाही. फ्लोरिडातील डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंग्डममध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’मध्ये गाडी तुटलेल्या रुळांपाशी थांबते आणि मागे जाते. आपल्या राइडमध्ये मात्र या उलट जाण्यामागे एक प्रत्यक्ष घडलेले कारण आहे. वीस मीटरच्या उतरणीचा वेग कोणालाही काढता येतो: गुरुत्वाचे ९.८, उंचीचे २० आणि २ यांचा गुणाकार केला की ३९२ येतात, त्याचे वर्गमूळ १९.८, म्हणजे सेकंदाला जवळजवळ वीस मीटर किंवा ताशी ७१ किलोमीटर. घर्षणामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरेल. त्यामुळे उतरणीनंतर वाटेत उंचवटा ठेवायचा असेल, तर तो चौदा मीटरच्या वर नेऊ नये.

पाठमोरी सुटलेली गाडी पुन्हा सरळ कशी करायची, या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो. उत्तर घाटातच होते. उतरताना ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून चढावर नेऊन थांबवण्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ असते. राइडची गाडी तशाच चढत्या रुळांवर पाठमोरी चढेल, आपोआप मंदावेल, क्षणभर थांबेल आणि मग तोंड पुढे करून स्थानकाकडे उतरेल. या सायडिंगचे टोक उलटफेराच्या उंचीपेक्षा खाली ठेवायचे नाही. गाडी जेवढ्या उंचीवरून सुटली त्याहून वर ती स्वतःच्या जोरावर जाऊच शकत नाही, म्हणून एकही ब्रेक लागला नाही तरी ती रूळ ओलांडणार नाही. घाटात जीव वाचवणारी सोय राइडमध्येही तेच काम करते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

सुरक्षेचा तपशील अभियंत्यांनी ठरवायचा असतो, पण कल्पना मांडणाऱ्याने त्यातले मूळ मुद्दे जाणले पाहिजेत. गाडीची चाके रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही असावी लागतात. खालच्या चाकांचे पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतले, आणि त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जाणे थांबले. चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून दातेरी अडसर लागतो. रुळांचे विभाग करून एका विभागात एका वेळी एकच गाडी सोडली जाते. दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात गाडी अडकली तर प्रवाशांना उतरवण्याची पायवाट आधीच आराखड्यात असावी. युरोपचे ईएन १३८१४ हे मानक, अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची मानके आणि भारतीय मानक ब्युरोचे राइडविषयक मानक यांचा उल्लेख प्रस्तावात अवश्य करावा. आपल्याकडच्या काही गोष्टी मात्र परदेशी आराखड्यांत आपणहून येत नाहीत. साडीचा पदर, ओढणी, लांब वेणी आणि गळ्यातले मोठे दागिने यांच्यासाठी स्थानकावरच आवरण्याची जागा आणि मदतीला एक बाई लागते, नाहीतर प्रत्येक फेरी तेथेच खोळंबते.

क्षमतेचा हिशेब थोडक्यात असा: वीस जणांची गाडी दर ७५ सेकंदांनी सुटली तर तासाला ९६० माणसे बसतात. प्रत्यक्षात चढण्या-उतरण्यात वेळ जातो, म्हणून सातशेच धरावीत. रांगेत ३५० जण असतील तर शेवटच्या माणसाला अर्धा तास लागेल, आणि तो अर्धा तास कर्जतच्या फलाटासारखा रचता येतो. तेथे वडा मिळालाच पाहिजे.

जागेचा विचार मी शेवटी मांडला असला, तरी तो कल्पनेसोबतच सुरू करावा लागतो. या राइडला सपाट साधारण २५० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद, म्हणजे सुमारे साडेसात एकर जागा लागेल. पहिला मोह घाटातच, उतारावर उभारण्याचा होईल, आणि तो टाळलाच पाहिजे. सह्याद्रीचा कातळ भक्कम असला तरी त्यावरचा मातीचा थर मुसळधार पावसात सुटतो. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातच इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेत असलेले गाव गाडले गेले. त्या परिसरात मौजेची वास्तू उभारणाऱ्याने डोंगराच्या पायथ्यापासून पुरेसे अंतर ठेवावे, भूगर्भतज्ज्ञांकडून उताराची तपासणी करून घ्यावी, आणि पाण्याचा एकही नैसर्गिक ओहोळ बुजवू नये.

कसारा घाटही याच धाटणीचा आहे आणि तेथेही उलटफेराचे स्थानक होते, त्यामुळे इगतपुरीचा परिसर हा खरा पर्याय ठरतो. तरीही माझी पसंती खोपोलीजवळच्या सपाटीला आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून माणूस सकाळी निघून संध्याकाळी परतू शकतो. कर्जतहून खोपोलीला लोकल जाते, आणि एक मोठे थीम पार्क २०१३ पासून या भागात सुरू असल्याने वीज, वाहनतळ, दुरुस्तीचे कारागीर आणि पावसाळ्यातली देखभाल यांचा अनुभव येथे आधीच आहे. नव्या राइडसाठी वेगळे उद्यान उभारण्यापेक्षा चालू उद्यानात जागा मागणे शहाणपणाचे असते. येण्याची वाटही अनुभवाचा भाग असते हे विसरू नये. १९८९ मध्ये सुरू झालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डला बोटीने गेलेल्या अनेकांना ती बोट अजून आठवते. खोपोलीला येणाऱ्याला वाटेतच समोर घाट दिसू लागतो.

जागा नक्की झाल्यावर राइडची दिशा ठरवावी. खोपोलीहून सह्याद्रीची भिंत पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्या मागून येतो म्हणून ती काळसर आणि सपाट दिसते. दुपारनंतर ऊन समोरून पडले की तिच्यातल्या घळी आणि कडे उठून दिसतात. म्हणून उलटफेराच्या टोकाचे तोंड पूर्वेला असावे. त्या आठ सेकंदांत बसणाऱ्यापुढे खरा घाट असेल, आणि नशीब असेल तर त्यातून चढणारी खरी गाडीही दिसेल. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात आणि काहीच दिसत नाही. पण त्या दिवसांत ढगातून पाठमोरे सुटणे हाही एक वेगळा अनुभव आहे. मुसळधार पाऊस आणि विजा असताना मात्र राइड बंद ठेवण्याचा नियम पहिल्या पानावरच लिहावा.

प्रस्ताव कोणाला पाठवण्याआधी एक प्रयोग करून पाहा. एखाद्या सभागृहात चाकांच्या वीस खुर्च्या एकामागे एक ठेवा, त्यांवर ओळखीची माणसे बसवा, दिवे बंद करा आणि मागून सर्वांना हळूहळू ढकला. मग दिवे लावून आठ सेकंद थांबा, आणि कोणालाही न सांगता खुर्च्या सावकाश मागे ओढू लागा. त्या क्षणी किती जणांच्या हातांनी नकळत खुर्ची घट्ट धरली ते मोजा. निम्म्यांहून कमी हात दिसले, तर रुळांचा आराखडा बाजूला ठेवून कर्जतची गाडी पुन्हा पकडावी.