रक्त पातळ व्हायची गोळी घेणारे आजी-आजोबा दुकानात आले की

माण-खटावकडं किंवा जत-आटपाडीकडं मेडिकल चालवत असाल तर हे बघा. अ‍ॅसिट्रोम नाहीतर वॉरफरिन मागायला कुणी आलं की नुसती स्ट्रीप कापून देऊ नका, आधी आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) शेवटचा रिपोर्ट मागा, तारीख बघा. बऱ्याच जणांना आयएनआर २ ते ३ ठेवायला सांगतात, हृदयाचा व्हॉल्व बदललेला असला तर जास्तही असतो, म्हणून डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय तेच धरायचं.

अ‍ॅसिट्रोममध्ये १, २, ३, ४ एमजीच्या गोळ्या येतात आणि म्हाताऱ्या माणसाला स्ट्रीपवरचं बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळं पाकिटावर मार्करनं डॉक्टरांनी सांगितलंय तसं ठळक, जसं "संध्याकाळी १ गोळी", लिहा आणि "आजी, कधी घेणार सांगा बरं" असं त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल नाही घ्यायची.

खरी गडबड गुडघेदुखीची. "डायक्लो द्या की एखादी" म्हणतात, द्यायची नाही, ब्रुफेनपण नाही, डॉक्टरांना फोन लावा. मेथी-चाकवत बंद करायला सांगू नका, रोजच्या एवढीच खा म्हणावं.

काळी शौच, हिरड्यातनं रक्त, किंवा डोक्यावर पडले तर दिसायला काही नसलं तरी लगेच दवाखाना, आणि हे सोबत आलेल्या सुनेला नातवालाही सांगा.