बोरन्हाण, पण बाळाच्या कलानं

संक्रांतीला लहान मुलाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततात, ते बोरन्हाण. आमच्या घरात त्याचं झबलं एकच आहे. सासूबाईंची काळी चंद्रकळा विरायला लागली, तेव्हा पदराजवळचा धड तुकडा काढून त्यांनी ते हातानं शिवलं. त्यात माझी दोन्ही मुलं बसली, मग नात, आणि मागच्या संक्रांतीला धाकट्याचा मुलगा. आतल्या शिवणीवर पांढऱ्या दोऱ्यानं प्रत्येकाचं साल घातलंय. तुमच्याकडे अशी जुनी काळी साडी असेल तर नवा ड्रेस आणू नका, तिचंच काहीतरी शिवा. एरवी लहान मुलांना काळं घालत नाहीत, पण संक्रांत थंडीतली आणि काळा रंग ऊब धरतो. शिवाय जुनं सुती कापड अंगाला बोचत नाही.

नातीच्या पहिल्या बोरन्हाणाला आम्ही चाळीस माणसं बोलावली. स्पीकर लावला, पोरीला हलव्याचा मुकुट रबरानं घट्ट बसवला आणि तिच्या झोपेच्या वेळी पाटावर बसवलं. पहिलं माप डोक्यावर पडलं आणि तिनं टाहो फोडला. तिथेच थांबायला हवं होतं. फोटो नीट आला नाही म्हणून आम्ही आणखी दोनदा ओतलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून आमच्याकडे बोरन्हाण बाळाच्या सोयीनं होतं, आणि ज्या सुना-मुली मला विचारतात त्यांना मी हेच सांगते.

आधी दिवस. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला, पण रथसप्तमी तिथीनं, माघ शुद्ध सप्तमीला. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. म्हणजे हाताशी कधी दहा-अकरा दिवस असतात, कधी महिनाभर. संक्रांतीलाच उरकायचा हट्ट नको. बाळाला सर्दी असेल, लस नुकतीच दिली असेल, तर पुढे ढकला. जन्मानंतरची पहिली संक्रांत बहुतेक घरी चुकवत नाहीत, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत हौसेनं करतात. वेळ संध्याकाळची, पण बाळ झोपून उठलेलं आणि पोट भरलेलं हवं. बोलवायची ती त्याच्या ओळखीची माणसं आणि शेजारची पाच-सात पोरं. तेवढी पुरतात.

आता हलव्याचे दागिने. दादरला, तुळशीबागेत तयार मिळतात, घरीही होतात. हलव्याला सुई लावायला जाऊ नका, दाणा फुटतो. दुहेरी दोरा घ्या, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरा, त्याच्या पुढे-मागे गाठ मारा. एका हाराला एक संध्याकाळ जाते. मुकुट आणि बाजूबंदासाठी पुठ्ठ्यावर गोंदानं दाणे चिकटवतात. दिसतं छान, पण बाळ पहिल्यांदा तेच तोंडात घालतं. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मी फक्त मुकुट घालते, आतून मलमलची पट्टी लावून, कारण काटेरी हलवा कपाळाला टोचतो. त्याहून मोठ्याला गळ्यातला हार घातलाच तर मूल आपल्या हाताशी असेपर्यंत, झबल्यावरून, आणि फोटो झाला की लगेच काढायचा. दागिने आदल्या दिवशी झाले तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते.

ओतायचं काय, यात लोक सर्वांत जास्त चुकतात. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा, रेवड्या, वर आता चॉकलेटं. हे सगळं एका मापात भरून डोक्यावर रिकामं केलं तर बाळाला लागणारच. माझं प्रमाण असं: मापात तीन भाग चुरमुरे, एका भागात बाकी सगळं. बोरं लहान, गावरान, धुऊन पुसून, देठ काढून, दहा-पंधरा पुरेत. ऊस सोलून बोटाच्या पेराएवढाच तोडायचा. बाळ सहा-आठ महिन्यांचं असेल तर डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या. बाकीचं त्याच्या भोवती टाकायचं. पोरांना वेचायला तेही चालतं.

खाली जुनी साडी चौपदरी नाही, उघडून पसरायची. शेवटी चार कोपरे उचलले की खोली साफ. मध्ये पाट, पाटावर आई आणि मांडीवर बाळ. एकटं बसवायची घाई तीन वर्षांपर्यंत करू नका. आधी औक्षण. निरांजन बाळाच्या हाताच्या टप्प्यात येऊ देऊ नका, त्याला ज्योत धरायची असते. मग चार चुरमुरे बाळाच्या हातात द्या, त्याला ते आईच्या डोक्यावर टाकू द्या. हा भाग मी नातवाच्या वेळी घातला. तो खदखदून हसला, पुन्हा मूठ भरली, पुन्हा टाकली, आणि मग त्याच्या डोक्यावर पडलं तेव्हा दचकला नाही. माप डोक्याच्या अगदी वर धरा आणि मागच्या बाजूला कलतं करा, म्हणजे चुरमुरे पाठीवरून घरंगळतात, डोळ्यांत जात नाहीत. पाच सवाष्णींनी पाच मापं घालायची असं काही घरांत असतं. आमच्याकडे आजोबा, मामा, काका सगळे घालतात. बाळानं ओठ काढले की थांबायचं. एक माप पडलं तरी बोरन्हाण झालं.

वेचताना झुंबड उडते आणि दीड-दोन वर्षांची पोरं तिच्यात तुडवली जातात. म्हणून प्रत्येकाला एक द्रोण द्या आणि पहिली फेरी लहानांची ठेवा. मोठ्यांना तोवर दाराशी उभं करा, कुरकुरले तरी चालेल. वेचून झालं की लहानांचे द्रोण तपासा. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, हरभरे, हलवा, बोराची बी यातलं काहीही घशात अडकू शकतं, कारण नीट चावून खाणं अजून जमत नाही आणि श्वासनलिका अरुंद असते. ते काढून घ्या आणि बदल्यात मऊ वडी द्या.

ती वडी अशी: एक वाटी तीळ भाजून कुटायचे, त्यात अर्धी वाटी दाण्याचं बारीक कूट. पाऊण वाटी गूळ चमचाभर तुपावर नुसता विरघळवायचा, फेस धरला की उतरवायचा आणि कूट मिसळून थापायचं. गूळ साधा घ्या, चिक्कीचा नको, त्यानं वडी कडक होते. तीळ किंवा दाणे मुलानं आधी कधी खाल्ले नसतील तर त्या गर्दीत पहिल्यांदा देऊ नका.

बाकीच्या दिवसांतही मुलांना कामं असतात. भोगीला मिसळीच्या भाजीचे घाटे आणि पावटे सोलायला बसवा, बाजरीच्या भाकरीवर तीळ त्यांनाच टोचू द्या. संक्रांतीला तिळगुळाचा डबा त्यांच्या हातात द्या आणि वॉचमनकाकांपासून सुरुवात करा. पतंग उडवायचा तर साध्या दोऱ्यानं, नायलॉन मांजावर बंदी आहे आणि त्यानं गळे कापले गेलेत.

रथसप्तमीला सकाळी गॅलरीत, पूर्वेला, मातीच्या बोळक्यात गोवरीच्या तुकड्यांवर दूध उतू घालतो. पोरं दोन हात लांब, पाटावर. कुठल्या बाजूनं उतू जाणार यावर त्यांची पैज लागते. बोळकं कुठल्या बाजूला कललंय हे नातीला आता बघून कळतं, पण ती धाकट्याला सांगत नाही.